न दिलेले, पुरलेले

२०२५ च्या मार्च महिन्यात बऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरातल्या शेतांत रात्री बॅटऱ्यांचे उजेड फिरू लागले. ‘छावा’ चित्रपट तेव्हा गाजत होता आणि त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली संपत्तीचे दर्शन होते. रस्त्याच्या कामातून निघालेली माती तिथल्या शेतात येऊन पडली होती. त्या मातीत मोहरा मिळाल्याची आवई उठली आणि आसपासच्या गावांतली माणसे कुदळी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन खणू लागली. शेतात खड्डे पडले, पोलीस आले आणि चार दिवसांत विषय मागे पडला. बातम्यांचा सगळा भर सोने खरोखर मिळाले की नाही यावर होता. दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जमिनीखाली कोणी, कधी, कशासाठी ठेवले हे ठाऊक नसलेली वस्तू शोधायला निघताना परवानगी नेमकी कोणाची घ्यायची? शेत ज्याच्या नावावर आहे त्याची? सरकारची? की पुरणाऱ्याचे नावनिशाण उरलेले नसल्याने कोणाचीच नाही? प्रश्न कायद्याचा वाटतो, पण मुळात तो अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा आहे. माझे म्हणणे असे की, यंत्र हातात घेतल्यावर सापडण्यातला योगायोग संपतो. त्यामुळे शोधणाऱ्यावर आधी विचारण्याचे बंधन येते, आणि सातबारावरच्या मालकाने होकार दिला तरी ते पुरते फिटत नाही.

जुन्या शास्त्रांनी आणि कायद्यांनी गुप्तधनाचा विचार केला तो नांगर धरणाऱ्या किंवा पाया खणणाऱ्या माणसाला समोर ठेवून. काम वेगळेच चालू असते आणि फाळाला हंडा लागतो. अशा माणसाच्या मनात लोभ आधी नसतो, वस्तू दिसल्यावर जागा होतो. म्हणून शास्त्रांनी त्याला हिस्सा दिला आणि लपवले तर शिक्षा सांगितली. याज्ञवल्क्यस्मृतीत, मिताक्षरा या टीकेने लावलेल्या अर्थानुसार, सापडलेला निधी राजाला कळवणाऱ्या सामान्य माणसाला सहावा हिस्सा मिळतो. न कळवता ठेवला आणि उघडकीस आला तर धनही जाते आणि दंडही बसतो. कौटिल्याचा दरही सहाव्या हिश्श्याचाच आहे, मात्र सापडवणारा नोकर असेल तर बाराव्याचा. वाडवडिलांचे धन असल्याचे पुराव्याने दाखवणाऱ्याला तो सगळेच देऊन टाकतो. मनूने जमिनीतल्या जुन्या निधीचा अर्धा वाटा राजाला दिला आणि त्याचे कारणही सांगितले: राजा भूमीचे रक्षण करतो. विद्वान ब्राह्मणाला सगळा निधी ठेवून घेण्याची मुभा या स्मृतींनी दिली. ती अन्यायाची होती आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ती बाजूला ठेवली तरी एक तत्त्व उरते: सापडवणाऱ्याचा हक्क सांगण्यातून निर्माण होतो, उचलण्यातून होत नाही.

रोमन कायद्याने यापुढे एक पाऊल टाकले. सम्राट हेड्रियनच्या नियमानुसार दुसऱ्याच्या जमिनीत निधी सापडला तर अर्धा सापडवणाऱ्याचा आणि अर्धा जमीनमालकाचा. पण जस्टिनियनच्या संहितेत ही वाटणी नोंदताना एक अट घातलेली आहे: निधी मुद्दाम शोधून काढलेला नसावा, योगायोगाने मिळालेला असावा. पाचव्या शतकात लिओ आणि झेनो या सम्राटांनी अट अधिक स्पष्ट केली. दुसऱ्याच्या जमिनीत त्याच्या इच्छेविरुद्ध किंवा नकळत शोध घेणाऱ्याला काहीही मिळणार नाही, सगळे मालकाचे. त्याच आदेशात, स्वतःच्या जमिनीतसुद्धा अघोरी बळी देऊन किंवा निषिद्ध विद्या वापरून धन शोधू नये, असेही बजावले आहे. महाराष्ट्राच्या वाचकाला हे वाचताना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आठवल्याशिवाय राहणार नाही. मौल्यवान वस्तू किंवा गुप्तधन शोधण्यासाठी अमानुष कृत्ये करणे हा त्याही कायद्यात गुन्हा आहे. दीड हजार वर्षांच्या अंतराने दोन समाजांना एकच भीती वाटली, कारण पुरलेल्या धनाचा ध्यास माणसाला माणसाच्या जिवापर्यंत नेतो हे दोघांनीही पाहिले होते.

मेटल डिटेक्टरात अघोरी काही नाही. सैन्यापासून विमानतळापर्यंत तो रोज वापरला जातो. पण पुरलेल्या वस्तूच्या संदर्भात त्याने योगायोगाची जागा घेतली आहे. यंत्र घेऊन, बॅटरी भरून, कुठला माळ जुना आहे याची चौकशी करून निघालेल्या माणसाला ‘सापडले’ हे क्रियापद शेतकऱ्याच्या भोळेपणाने वापरता येत नाही. त्याचा हेतू खड्ड्याच्या आधी जन्मलेला असतो. नीतिशास्त्रात हेतूला वजन असेल तर जबाबदारीही खड्ड्याच्या आधीच सुरू व्हायला हवी. शेतकऱ्याचे कर्तव्य ‘सापडल्यावर सांगणे’ एवढे होते. यंत्रवाल्याचे कर्तव्य ‘शोधण्याआधी विचारणे’ हे आहे, आणि सापडल्यावर सांगणे त्याखेरीज आहेच.

कोणाला विचारायचे, याचा सर्वांत बारकाईचा विचार माझ्या मते जैन परंपरेने केला आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाच्या अचौर्यव्रताची व्याख्या करताना दुसऱ्याची ठेवलेली किंवा पुरलेली, पडलेली आणि पार विसरलेली वस्तूसुद्धा, कोणी दिलेली नसेल तर, स्वतः घेऊ नये आणि उचलून तिसऱ्याला देऊही नये, असे सांगितले आहे. म्हणजे मालक विसरला म्हणून वस्तू मोकळी होत नाही. व्रत मालकाच्या आठवणीवर टेकलेले नाही, घेणाऱ्याच्या हातावर टेकलेले आहे. साधूंच्या बाबतीत हा विचार आणखी पुढे जातो. साधूने राहायला, बसायला, मलमूत्र विसर्जनालासुद्धा जी जागा वापरायची तिची अनुज्ञा मागावी लागते, आणि आचारांगाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात या जागेच्या याचनेवर स्वतंत्र अध्ययन आहे. भगवतीसूत्रात शक्रेंद्राच्या प्रश्नाला उत्तर देताना महावीरांनी अनुज्ञेची पाच क्षेत्रे सांगितल्याचा प्रसंग येतो: देवेंद्राचे, राजाचे, प्रदेशाच्या प्रमुखाचे, घर देणाऱ्याचे आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या सहधर्मी साधूंचे. एकाच भूमीच्या तुकड्यावर पाच जणांचा अधिकार एकाच वेळी असतो. एकाने हो म्हटल्याने उरलेले चौघे नाहीसे होत नाहीत. जागेचा धनी समोर नसेल तर ज्याची ही भूमी असेल त्याने अनुज्ञा द्यावी, असे म्हणून मगच ती वापरण्याची रीत श्वेतांबर साधूंत आहे. अदृश्य मालकालाही विचारायचे असते, ही कल्पना त्यामागे आहे, आणि पुरलेल्या वस्तूला ती जशी लागू पडते तशी दुसऱ्या कशाला क्वचितच पडत असेल. मी इथे कोणाला साधूचे व्रत घ्यायला सांगत नाही. मालकीचे थर मोजण्याची जी दृष्टी त्या व्रतात आहे, ती घ्यावी एवढेच म्हणतो.

यावर पहिला आक्षेप जमीनमालकाचाच येईल. शेत माझे, कर मी भरतो, वरच्या पिकासारखेच खालचेही माझे. मी यंत्रवाल्याला हो म्हटले की विषय संपला. पण आपल्याकडच्या मालकीच्या कल्पनेने हे कधी मान्य केलेले नाही. मराठी अमलातल्या इनामाच्या सनदांत जमिनीबरोबर काय काय दिले याची यादी असे: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. ज्या राजवटीला पाणी, झाड आणि गवतापासून निधी-निक्षेपापर्यंत एकेक हक्क वेगळा लिहून द्यावासा वाटला, तिच्या दृष्टीने जमीन ही हक्कांची मोळी होती आणि गाडलेले धन हा त्यातला एक स्वतंत्र हक्क होता. दुसऱ्या धर्मपरंपरांतही हीच जाणीव दिसते. ज्यूंच्या मिद्राशात आणि बुखारीच्या हदीससंग्रहात थोड्याफार फरकाने एक गोष्ट येते. बुखारीतल्या रूपात एकाने जमीन विकत घेतली, तिच्यात सोन्याने भरलेले मडके निघाले. घेणारा म्हणाला, मी भूमी घेतली, सोने घेतले नव्हते. विकणारा म्हणाला, मी भूमी आणि तिच्यात जे असेल ते सगळे दिले. दोघेही सोने नाकारत वाद घालू लागले. निवाडा करणाऱ्याने एकाच्या मुलाचे दुसऱ्याच्या मुलीशी लग्न लावून धन त्यांच्यावर आणि दानावर खर्चायला सांगितले. याउलट मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दृष्टान्तात शेतात लपवलेले धन मिळालेला माणूस ते पुन्हा लपवतो, सर्वस्व विकतो आणि मालकाला काही न सांगता शेत विकत घेतो. तो दृष्टान्त स्वर्गाच्या राज्यासाठी सर्वस्व ओवाळून टाकण्याबद्दल आहे, जमीनव्यवहाराचा धडा म्हणून तो दिलेला नाही. पण व्यवहार म्हणूनच पाहिले तर मला त्यातल्या खरेदीदारापेक्षा त्या मडक्यावरून भांडणारे दोघे अधिक धार्मिक वाटतात. दोघांनाही आपल्याला काय दिले गेले आणि काय नाही, याचे भान होते.

सार्वजनिक जागेबद्दल लोकांची समजूत याहून सैल असते. बाग नगरपालिकेची, किल्ला सगळ्यांचा, गायरान गावाचे. मग मी तिथे यंत्र फिरवले तर कोणाचे काय गेले? या समजुतीची परीक्षा इंग्लंड आणि आयर्लंडच्या न्यायालयांत झाली. सरे परगण्यातल्या फार्नहॅम पार्क या सार्वजनिक उद्यानात एका माणसाला डिटेक्टरने मध्ययुगीन सोन्याची पिन मिळाली. नगर परिषदेने ती मागितली. पहिल्या न्यायालयात सापडवणारा जिंकला, पण १९९५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. लोकांना उद्यानात विरंगुळ्यासाठी येण्याची मुभा होती, माती खणून वस्तू नेण्याची नव्हती, आणि जमिनीत असलेल्या वस्तूवर जमीनधारकाचा अधिकार वरचढ, असे न्यायालयाने ठरवले. आयर्लंडमध्ये डेरीनाफ्लान येथे एका प्राचीन मठाच्या अवशेषांत १९८० मध्ये एका वडील-मुलाला डिटेक्टरच्या मदतीने चांदीचा पवित्र चषक, तबक आणि इतर पूजापात्रे मिळाली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या खटल्यातही हाच भेद निर्णायक ठरला. त्या पवित्र जागी दर्शनाला किंवा पाहायला येण्याची अनुमती लोकांना गृहीत होती, खणण्याची नव्हती. कुदळ मातीत शिरताच पाहुणा घुसखोर झाला. आपल्या गडकोटांवर जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. गडावर जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो असलाच पाहिजे. पण संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही, आणि पुरातत्त्वीय उत्खननासाठी राज्य सरकारलाही केंद्राची संमती घ्यावी लागते. गडावरच्या प्रेमापोटी खणले, हा बचाव होऊ शकत नाही. सगळ्यांची वस्तू एकट्याने घेताना फार जणांची परवानगी राहून जाते.

आता सर्वांत कठीण आक्षेप. ज्याने पुरले तो मेला, त्याचा वंश बुडाला, त्याचे राज्यही गेले. मेलेल्याला मालमत्ता नसते. मग या मूक, अनुपस्थित माणसाचा अधिकार कसला? दोन खटले शेजारी ठेवले की या आक्षेपाची खरी किंमत कळते. इंग्लंडमध्ये वॅनबरो येथे रोमन काळातले एक मंदिर मातीखाली होते. १९८३ मध्ये तिथे काही नाणी मिळाल्याचे प्रामाणिकपणे कळवण्यात आले, पण चौकशीत जागेचे नाव उघड झाले आणि रात्री यंत्रे घेऊन टोळ्या तिथे उतरल्या. रोमनपूर्व काळातली हजारो नाणी लुटली गेली आणि बाजारात गेली. खटला झाला तेव्हा जुना इंग्लिश कायदा आडवा आला. परत नेण्याच्या हेतूने पुरलेले धनच राजाचे, असा तो कायदा होता. ही नाणी तर देवाला वाहिलेली असू शकत होती, आणि वाहणारा परत न्यायला येत नसतो. अपिलात शिक्षा रद्द झाली. म्हणजे ज्याने देवाला पूर्णपणे दिले त्याच्याच दानाला संरक्षण मिळाले नाही, कारण ते देऊन टाकलेले होते. त्या कायद्याला देव हा मालक म्हणून दिसत नव्हता.

दुसरा खटला भारतीय मूर्तीचा, पण चालला लंडनमध्येच. तमिळनाडूतल्या पत्तूर गावी पडक्या शिवमंदिराजवळ १९७६ मध्ये एका मजुराला खणताना नटराजाची कांस्यमूर्ती मिळाली. ती हातोहात विकली जात लंडनला पोचली आणि तिथे पोलिसांनी जप्त केली. तिच्यावर दावा सांगणाऱ्यांत भारत सरकार आणि तमिळनाडू सरकार होतेच, पण त्यांच्याबरोबर ते पडके मंदिर आणि तिथले शिवलिंगही वादी होते. भारतीय कायद्यात देव ही विधिमान्य व्यक्ती आहे, तिच्या वतीने कोणी योग्य माणूस बोलू शकतो. पूजा बंद पडली, भिंती कोसळल्या, मूर्ती शतकानुशतके मातीत राहिली, तरी देवाची मालकी संपलेली नव्हती. इंग्लिश न्यायालयाने मंदिराचा दावा मान्य केला आणि १९९१ मध्ये नटराज भारतात परतला. धर्माच्या बाजूने या निकालाचे महत्त्व मला फार मोठे वाटते. जो बोलू शकत नाही, हजर राहू शकत नाही, त्याचाही अधिकार राहतो. बोलण्यासाठी विश्वस्त लागतो इतकेच. मग हे तत्त्व देवापुरतेच का थांबावे? दुष्काळात गाव सोडताना घरातले किडूकमिडूक पुरणारी बाई, लढाईच्या धामधुमीत पेटी लपवणारा सावकार, मृताच्या शेजारी मडके ठेवणारे ताम्रपाषाण युगातले आईबाप हेही मूकच आहेत. त्यांच्या वतीने आज कोणी उभे राहायचे असेल तर ते समाजाने, म्हणजे व्यवहारात शासनाने. मनूने राजाच्या वाट्याचे कारण रक्षण हे सांगितले होते. रक्षण करणारा म्हणून राजाला हिस्सा, असा त्याचा अर्थ घेतला तर शासन इथे मालक ठरत नाही, राखणदार ठरते.

अध्यात्माच्या बाजूनेही एक आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकावा असा आहे. पंढरीच्या राका-बांकांच्या कथेत वाटेत पडलेले सोने पाहून नवरा त्यावर माती लोटतो आणि मागून येणारी बायको विचारते, मातीवर माती कशाला टाकता? विरक्ताला सोने आणि माती एकच. मग परवानगी, हिस्सा, नोंद, वस्तुसंग्रहालय हा सगळा खटाटोप मोहाचाच विस्तार नाही का? वस्तू जिथे आहे तिथे राहू द्यावी. लोभापुरते हे उत्तर निर्णायक आहे, आणि ज्याला शक्य असेल त्याने तेच करावे. परंतु पुरलेल्या वस्तूत सोन्याशिवाय आणखी एक गोष्ट असते. ती कुठल्या थरात होती, कशाच्या शेजारी, किती खोल, कुठल्या दिशेने ठेवलेली. ही माहिती म्हणजे तिची साक्ष. सोने माती मानता येईल, साक्ष माती मानता येत नाही. सत्य हेही व्रत आहे, आणि यंत्रवाला घाईने वस्तू उपटतो तेव्हा अस्तेयाबरोबर तेही मोडते. दायमाबादचे उदाहरण आपल्या घरचे आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ मिळाले. सगळ्यांचे मिळून वजन ६० किलोहून जास्त. भारतीय धातुकामाचा तो अपूर्व ठेवा आहे. त्या शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही, त्याचा तर शुद्ध योगायोग होता. पण वस्तू थरात असताना कोणा जाणकाराने पाहिल्या नाहीत. पुढे पुरातत्त्वज्ञ सालींनी तिथे अनेक हंगाम उत्खनन केले, तरी या शिल्पांचा काळ कोणता यावर अभ्यासकांत मतभेद राहिले. काहींनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली, काहींना धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका आली. निर्दोष हातांनी, योगायोगाने काढले तरी इतके हरवते. हेतुपुरस्सर, रात्री, घाईने काढल्यावर काय उरत असेल?

याचे उत्तर देणारी जोडी इंग्लंडमध्ये एकाच वर्षी मिळाली. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोन डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला नाण्यांचा आणि दागिन्यांचा मोठा साठा मिळाला. तो त्यांनी जाहीर केला नाही, गुपचूप विकायला काढला. अंदाजे ३०० नाण्यांपैकी पोलिसांच्या हाती जेमतेम ३० लागली, आणि २०१९ मध्ये दोघांना लांब मुदतीचे तुरुंगवास झाले. त्याच वर्षी ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टन येथे दुसऱ्या एकाला त्याच काळातला साठा मिळाला आणि त्याने लगेच कळवले. मातीचा गड्डा अखंड उचलून प्रयोगशाळेत नेला, दाणा दाणा करून उकलला. त्यातल्या नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे दोघे सहकारी राजे म्हणून उमटले होते. पुढच्या काळातल्या बखरीने या केओलवुल्फला व्हायकिंगांचे बाहुले ठरवून बाजूला टाकले होते. जेत्यांच्या लेखणीने पुसलेला माणूस नाण्यांच्या साक्षीने परत आला. हेरफर्डशरच्या साठ्यातही तशी नाणी होती. ती विखुरली तेव्हा नुकसान फक्त संग्रहालयाचे झाले नाही, त्या राजाला मिळायचा न्याय तेवढा कमी झाला. चोरी पैशाची होती हे न्यायालयाने मोजले. साक्षीची चोरी मोजायला परिमाण नाही.

यंत्रवाल्यांचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. नांगर आणि जेसीबी रोज जमीन उलथत असतात. रस्ते, बंगले, तळी यांत जे चिरडते त्यापुढे छंदिष्टाचा खड्डा तो केवढा? त्याने वस्तू निदान वाचवली तरी. वरच्या, नांगरलेल्या मातीपुरते हे खरे आहे. तिथला थर आधीच मोडलेला असतो. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन येथे एक जण शेतकऱ्याची हरवलेली हातोडी त्याच्याच सांगण्यावरून शोधत असताना रोमन सोन्याचांदीच्या पेटीपाशी पोचला. त्याने खणणे थांबवले आणि तज्ज्ञांना बोलावले. पेटीत काय कसे रचले होते हेही त्यामुळे कळले. म्हणजे यंत्र आणि अस्तेय यांत मुळात वैर नाही. फरक हात थांबतो की नाही याचा आहे, आणि आधी विचारून गेलेल्याचा हात थांबण्याची शक्यता जास्त, कारण त्याला लपवायचे काही नसते.

शेवटचा आक्षेप शासनावर आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. राखणदार म्हणून ज्याच्याकडे परवानगी मागायची तो राखतो का? वस्तू गोदामात पडून राहतात, शेतकऱ्याला पोलिसांच्या आणि कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात, नाव-फोटो छापून येऊन घराभोवती गर्दी होते, आणि हाती काही लागत नाही अशी त्याची धारणा असते. अशा वेळी हंडा चोरून वितळवणे त्याला सोपे वाटते. हे समर्थनीय नाही, पण समजण्यासारखे आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा वाचला तर आश्चर्य वाटते, कारण कागदावर तो उदार आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. पुरणाऱ्याचा कोणी वारस किंवा दावेदार ठरला नाही आणि सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घ्यायची. कौटिल्याच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा हे किती तरी अधिक आहे. पण गावात किती जणांना हे माहीत असते? इंग्लंडमध्ये जुना कायदा मोडकळीला आला होता तेव्हा वर्षाला सुमारे २५ प्रकरणे जाहीर होत. १९९६ च्या कायद्याने सापडवणाऱ्याला आणि मालकाला बाजारभावाने मोबदल्याची खात्री दिली, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत नोंद करून घेणारे अधिकारी नेमले गेले. आता ही संख्या वर्षाला हजारावर गेली आहे. परवानगीवाचून घुसून शोधणाऱ्याचा मोबदला कमी करता येतो किंवा नाकारता येतो, हे तिथल्या नियमांत आजही आहे. लिओ-झेनोंचा आदेश तिथे नव्या रूपात जिवंत आहे. प्रामाणिकपणा फक्त उपदेशाने वाढत नाही. सांगणाऱ्याचा मान राखला गेला, त्याला त्याचा वाटा मिळाला, की तो वाढतो. शासनाने आपले काम केले नाही म्हणून मूक मालकाचा अधिकार संपत नाही, हे खरेच. पण राखणदाराने राखले नाही तर त्याला वाटा मागण्याचे कारणही उरत नाही, हेही मनूच्याच तर्काने खरे.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. यंत्र घेऊन निघणाऱ्याने शेताच्या धन्याची लेखी संमती घ्यावी, जागा संरक्षित आहे का हे पुरातत्त्व विभागाकडे विचारावे, मंदिर-मशिदीच्या, स्मशान-कबरस्तानाच्या आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांच्या आसपास यंत्र चालवूच नये, आणि मातीत काही दिसले की तिथेच थांबून तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. महाराष्ट्र शासनाने १८७८ च्या कायद्यातली वाटणी मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी; जिल्ह्याला निदान एक प्रशिक्षित माणूस असा नेमावा की ज्याला शेतकरी न घाबरता फोन करू शकेल; आणि वस्तू ताब्यात घेतली तर ठरलेल्या मुदतीत मोबदला द्यावा. हे फलक येत्या पेरणीपूर्वी लागले पाहिजेत.